लहान अक्षरातल्या गोष्टी

मध्यंतरी नातवानं एक चित्र पाठवलं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडलं, तर ही हात उगारून उभी! "कुणावर गं?" मी धीर करून विचारलं. नातू हसत सुटला. "आजोबा, आजी टाटा करतेय. तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झाला, त्याला पहिलंच चित्र दिसतं."

मग माझी शिकवणी झाली. चित्रांची ही पीएनजी फाइल १९९६ सालची. ती तुकड्यातुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्याला चार अक्षरी इंग्रजी नाव. पहिलं अक्षर कॅपिटल, तर तो तुकडा समजलाच पाहिजे. स्मॉल, तर न समजल्यास खुशाल ओलांडून पुढे जावं. हलत्या चित्राचे सगळे नवे तुकडे स्मॉल अक्षरानं सुरू होतात. म्हणून जुना प्रोग्राम अडत नाही, रुसत नाही. पहिलं चित्र दाखवून गप्प बसतो. (ही हलती सून पीएनजीच्या वडीलधाऱ्यांनी २००७ साली मतदान करून नाकारली आणि २०२५ साली रीतसर घरात घेतली. आमच्या धाकट्या काकूंनी यापेक्षा लवकर माप ओलांडलं.)

हा सभ्यपणा मला फार आवडला. मग एकदम बोचला. मुलाची नोकरी जाऊन दोन महिने झाले, हे मला नुकतंच कळलं होतं. "अहो, तुमचं ब्लडप्रेशर," ही म्हणाली. गॅस संपला, नळ गेला, हे कॅपिटलमध्ये, नोकरी स्मॉलमध्ये! ते दोन महिने मी रोज रात्री जेवताना त्याला बढती कशी मागावी ते समजावत होतो, आणि तो मान खाली घालून आमटी भुरकत होता.

आता यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. मग फाइलवाले तरी काय निराळं करतात? नातवालाच विचारलं.

"आजोबा, तुकडा फाइलमध्येच असतो. इथे काहीतरी आहे, एवढं एवढं लांब आहे, हे तुमच्या कॉम्प्युटरलाही कळतं. नवा प्रोग्राम टाकलात की आजी हात हलवायला लागेल."

इथेच घरच्यांचं चुकलं. त्यांनी तुकडाच काढून टाकला. ओलांडायला माझ्यापुढे काही ठेवलंच नाही. (मीही नापास झालो ते वर्ष आईला कधी सांगितलं नाही. पण ते वेगळं. कसं, ते विचारू नका.)

मुलाला म्हटलं, "सगळं सांगत जा बाबा. नाही कळलं तर ओलांडीन." हल्ली तो रात्री इंटरव्ह्यूंच्या हकिकती सांगतो. निम्म्याहून अधिक डोक्यावरून जातं. मी "अस्सं" म्हणतो आणि आमटी भुरकतो.

ही मात्र माझ्या कॉम्प्युटरवर अजून हात उगारूनच आहे.