शाळा बंद असताना बांधलेला किल्ला

पहिली-दुसरीच्या कोणत्याही वर्गात ‘तुम्हाला हवं ते चित्र काढा’ असं सांगावं आणि थोड्या वेळानं कागद गोळा करावेत. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून खालच्या कोपऱ्यात रुंद होत गेलेली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळाचं झाड आणि आकाशात चार-पाच पक्षी. बहुतेक कागदांवर हेच असतं. हे चित्र रत्नागिरीत निघतं, तसंच सोलापुरात आणि बुलढाण्यातही निघतं. ज्याच्या गावात नारळ नाही आणि नदीला पावसाळा सोडला तर पाणी नाही, तो मुलगाही हेच काढतो. त्याच्या घरासमोर कडुनिंब असतो, कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रॅक्टर रोज रस्त्यानं जातो, बांधावर बाभळी असतात. यातलं काहीच कागदावर येत नाही.

शाळेत येण्याआधी हेच मूल असं काढत नव्हतं. दोन-तीन वर्षांचं मूल नुसत्या रेघोट्या ओढतं. मग एके दिवशी रेघ वळून स्वतःलाच येऊन मिळते आणि गोल होतो. गोलाला डोळे येतात, गोलातूनच थेट हातपाय फुटतात, कारण धडाची त्या वेळी गरज वाटत नाही. पुढे घर येतं आणि घराच्या भिंतीतून आतली चूल, आजी, मांजर सगळं आरपार दिसतं. जे महत्त्वाचं ते मोठं होतं. एसटी चालवणारे बाबा एसटीपेक्षा उंच असतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकानं १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात बालचित्रांच्या या पायऱ्या तपशिलानं मांडल्या. छापील आकृतीत रंग भरायला देणारी पुस्तकं मुलाचा स्वतःच्या रेषेवरचा विश्वास घालवतात, असंही त्यानं बजावलं. आपल्याकडे मात्र ‘रेषेबाहेर रंग जाऊ देऊ नकोस’ हाच चित्रकलेचा पहिला धडा असतो. दोन-तीन वर्षांत मूल शिकतं की चित्र म्हणजे बरोबर किंवा चूक असं काहीतरी असतं. चुकायचं नसेल तर सगळ्यात सुरक्षित म्हणजे ते दोन डोंगर.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. परंपरेतही उतरवून घेणं असतंच की! ठिपक्यांची रांगोळी आईची बघूनच मुलगी काढते. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठानं जो चौक लिहितात, त्याचे आकार ठरलेले असतात. माणूस म्हणजे टोकांशी जोडलेले दोन त्रिकोण, हे पिढ्यान्‌पिढ्या बदललेलं नाही. मग अनुकरणाला नावं का ठेवायची?

मला वाटतं, अनुकरण कशाचं होतं यावर सगळं अवलंबून आहे. रांगोळीत मुलीच्या हाती ठिपके येतात, जोडायची रीत येते. सात ते चार ठिपक्यांची आली की ती दुसऱ्या दिवशी अकरा ते सहाची करून बघते, मधली पाकळी वळवते, चुकली तर बोटानं पुसते. वारली चित्रातल्या त्या दोन त्रिकोणांतून जिव्या सोमा म्हसे यांनी मासेमारीचं जाळं काढलं, मुंग्यांचं वारूळ काढलं, कागदावर आणि कापडावर अख्खा गाव उभा केला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरा हाताला व्याकरण देते आणि त्यातून पुढचं वाक्य ज्याचं त्यानं करायचं असतं. दोन डोंगरांच्या चित्रात मुलाच्या हाती येतं ते पूर्ण झालेलं वाक्य. त्याचं पुढे काही करता येत नाही, ते फक्त पुन्हा लिहिता येतं.

म्हणून ‘मुक्त अभिव्यक्ती’ या शब्दावर माझी फार भिस्त नाही. मुलांना नुसतं मोकळं सोडलं की ती आपोआप काहीतरी नवं करतील, हे अर्धंच खरं आहे. त्यांना साधन लागतं, सोबत लागते, खटाटोप करण्यासारखी अडचण लागते. आणि शेवट कसा होणार हे आधीपासून कुणाला, अगदी शिक्षकालाही, माहीत नसावं लागतं.

या सगळ्या अटी पुऱ्या करणारा एक उद्योग महाराष्ट्रातली मुलं दरवर्षी करतात, आणि तो शाळेला सुट्टी लागल्यावर करतात. दिवाळीचा किल्ला. विटा, दगड, फुटक्या कुंड्या जमवायच्या, त्यावर गोणपाट टाकायचं, माती कालवून थापायची. माती पातळ झाली तर उतारावरून घसरते, घट्ट झाली तर वाळून तडकते. हे प्रमाण कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही, ते तळहाताला कळावं लागतं. हळीव किंवा मोहरी पेरायची, तर ती वसुबारसेपर्यंत उगवायला कधी पेरायला हवी याचा हिशोब आला. पायऱ्या केल्या तर मावळ्याच्या मापानं करायच्या, नाहीतर मावळा गुडघाभर पायरीशी अडून राहतो. हे प्रमाणच झालं, गणितातलं. तळं करायचं तर पाणी मुरतं, मग प्लॅस्टिकचा कागद, मग तो दिसू नये म्हणून कडेनं वाळू. दरवाजा कुठे असावा यावर भांडण होतं. चौथीतला एखादा ‘परिसर अभ्यास’च्या दुसऱ्या भागातलं शिवचरित्र वाचून आलेला असतो, तो सांगतो की शत्रूला सरळ आत येता येऊ नये. मग वाट वळवली जाते. पहिलीतल्या धाकट्याला माती मळण्याचं काम मिळतं, आणि पुढच्या वर्षी तो बुरूज मागतो. वयांची अशी सरमिसळ आपल्या इयत्तांच्या रचनेत सहसा होत नाही.

भूगोल, इतिहास, गणित, विज्ञान, हस्तकला, भाषा या सगळ्यांच्या तासिका त्या चार दिवसांत एकत्र भरतात, आणि कुणी गुण देत नाही. अलीकडे रंगवलेले तयार किल्ले बाजारात मिळतात. ज्यांच्या घरासमोर माती उरलेली नाही त्या आईबापांची अडचण मला कळते. तरीही मला ते पाहून वाईट वाटतं. तयार किल्ल्यात किल्ला मिळतो, बांधणं जातं.

शाळेतल्या ‘उपक्रमां’चं नेमकं हेच झालं आहे. सशाची आकृती बाई आखून देतात आणि मूल त्यावर कापूस चिकटवतं. तीस मुलांचे तीस ससे भिंतीवर लागतात, फोटो निघतो, तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर जातो. त्या कामात मुलानं एकही निर्णय घेतलेला नसतो. ससा बसलाय की पळतोय, त्याला कोण दिसलंय, याचा विचार कुणी केला? घरी दिलेले ‘प्रोजेक्ट’ तर रात्री जागून आया करतात, किंवा ते स्टेशनरीच्या दुकानातून येतात. आईची यात हौस नसते. वर्गात आपल्या मुलाचं काम वेडंवाकडं दिसेल, ही भीती असते.

आणि तरीही हे वेगळ्या तऱ्हेनं होऊ शकतं, याचा पुरावा आपल्या मातीत आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरीची साधनं त्यांना पुरती ठाऊक होती. ती महाग होती, आणि खेड्यातल्या मुलाला परकी होती. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जे काम केलं, त्यात साधनं परिसरातूनच उचलली होती. बिया, चिंचोके, शंखशिंपले, पानं, माती. मोजायला, लावायला, वेगळं करायला, आकार द्यायला. गरिबीवरची ही तोड होती असं मानलं तर आपण तिचं महत्त्व कमी करतो. छापील वस्तूचा उपयोग ठरलेला असतो. चिंचोका मात्र सकाळी अंक असतो, दुपारी सोंगटी असतो आणि संध्याकाळी मातीच्या बाहुलीचा डोळा होतो. मुलाच्या बुद्धीला जागा हवी असते, ती अशा न ठरलेल्या वस्तूत असते.

त्या परिसरातल्या वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना कामं होती. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळत होतं, कुणी गुरं राखत होतं. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली गेली. कडेवरचं बाळ घेऊन बहीण येऊ लागली. गुरं राखणाऱ्यांसाठी शाळाच कुरणात गेली. कुरणशाळेचा विचार केला की मला त्या बायकांच्या धाडसाचं फार मोल वाटतं. मुलाचं आयुष्य म्हणजे शिकण्यातला अडथळा, असं त्यांनी मानलं नाही. ज्या गवतात तो दिवस काढतो, तिथलाच कीटक, तिथलंच फूल, तिथलीच सावली त्यांनी पाठाला घेतली.

तिकडे सेवाग्रामला, १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून आलेल्या नई तालीमच्या शाळेत, शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये चित्रकला शिकवायला आले. हस्तोद्योग केंद्रस्थानी असलेल्या शाळेत नेहमी एक धोका असतो: सूत किती निघालं याचीच मोजदाद होत राहते आणि कातणाऱ्या मुलाच्या मनाकडे कुणी पाहत नाही. देवीप्रसादांनी कलेला शिक्षणाच्या पायाशी ठेवलं. १९८५ मध्ये कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांत उमेदीची वर्षं घालवलेली बाई प्राथमिक शाळेच्या बाकांपाशी आली, हेच मला त्यातलं सर्वांत मोठं विधान वाटतं.

आज कागदावर परिस्थिती वाईट नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट एक पायरी मानला, २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ ही साहित्याची पेटी आली, २०२४ मध्ये महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आला. हेतू चांगले आहेत. पण आनंदाला एक वार नेमून दिला की उरलेल्या पाच दिवसांचं काय, हा प्रश्न सुटत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. खेड्यात दोघं मिळून चार-पाच इयत्ता सांभाळतात, शिवाय पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं. एका मुलाच्या चित्रासमोर पाच मिनिटं बसायला त्या गुरुजींना मोकळीक कुठून मिळणार?

गोष्ट इथेच अडते असं मला वाटतं. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जोडीला शिक्षकानं प्रत्येक मुलाविषयी स्वतः पाहिलेलं लिहावं, अशी त्यातली सुंदर कल्पना होती. लवकरच ‘वर्णनात्मक नोंदीं’च्या तयार याद्या फिरू लागल्या. ‘चित्रात योग्य रंगसंगती साधतो.’ ‘कृतीत उत्साहाने सहभागी होतो.’ हीच वाक्यं या जिल्ह्यात आणि त्या जिल्ह्यातही, शेकडो मुलांच्या नावापुढे. शिक्षकांनी ती उतरवली कारण तपासणीत रकाना रिकामा दिसणं परवडत नव्हतं. मुलानं दोन डोंगर काढले तेही याच भीतीनं. ज्या बाईंना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक वाक्य लिहायची मुभा नाही, त्यांनी मुलाला त्याच्या डोळ्यांनी पाहिलेला कडुनिंब काढायला कसं सांगावं?

म्हणून माझी मागणी साहित्याच्या पेटीची नाही, नव्या दिनविशेषाचीही नाही. केंद्रस्तरावर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकं वाचण्याआधी प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गातल्या एका मुलाचं एक काम आणावं: न शोभणारं, खाडाखोड झालेलं, भिंतीवर न लावलेलं. मूल ते करताना कुठे थांबलं, काय बदललं, काय बोललं, हे शिक्षकानं सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. मुलाच्या नोंदीच्या रकान्यात तेच लिहिलेलं चालेल, वाक्य अपुरं असलं तरी चालेल, असं केंद्रप्रमुखांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लेखी द्यावं. त्यासाठी कोणताही निधी लागत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, त्या पहिल्या परिषदेपासून हे सुरू करता येईल. मुलांच्या नखांत तेव्हा किल्ल्याची माती असते, आणि वाट कुठे वळवली हे सांगायला ती उतावीळ असतात.