कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत

‘अंगावरून वारं गेलं’ असं आपण म्हणतो. पण ज्याच्या अंगावरून गेलं, त्याला ते गेलंय याची खात्री कुठे असते? हाताला पकड येते, जीभ वळू लागते, नातेवाईक देवापुढे पेढे ठेवतात. आणि हा माणूस डोकं जरा ठणकलं की आरशात तोंड वाकडं झालंय का ते बघतो. दिवसातून पाचदा बीपी मोजतो. बाथरूमची कडी लावत नाही.

एडिनबराच्या संशोधकांनी पक्षाघाताचा किंवा त्याचा सौम्य झटका येऊन तीन महिने झालेल्या १७५ जणांची तपासणी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ३८ जणांना चिंताविकार होता, आणि त्यांतल्या ३१ जणांना ठरावीक प्रसंगांची धास्ती होती. एकट्याने बाहेर पडायचं, गर्दीत शिरायचं, बसमध्ये चढायचं, याची. आता अशा माणसाला ‘मानसोपचारासाठी दर आठवड्याला दवाखान्यात या’ म्हणणं म्हणजे पोहायला घाबरणाऱ्याला शिकवणीसाठी नदीच्या पैलतीरावर बोलावण्यासारखं. तिथल्याच मंडळींनी मग उपचार फोनवरून आणि संकेतस्थळावरून घरी पाठवून पाहिले. रुग्णाच्या मनगटावर हालचाल टिपणारं यंत्रही बांधलं. प्रयोग लहान होता, जेमतेम २७ जणांचा. त्यावरून गुण किती येतो हे ठरत नाही, पण हे जमण्यासारखं आहे एवढं कळलं.

मला यातली गंमत वेगळीच वाटते. उपचार घरात येतो तो माणसाला घराबाहेर काढायला. भीती वाटली की आपण टाळतो, टाळलं की हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. म्हणून फोनवरचा समुपदेशक नुसता धीर देत बसत नाही. आज फाटकापर्यंत जा, म्हणतो. छातीत धडधडेल, तरी परत फिरू नका, धडधड ओसरेपर्यंत थांबा. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. अर्थात सगळ्यांना हे लागू नाही. पक्षाघाताने ज्याची वाचाच गेली, त्याने फोनवर बोलायचं काय? आणि दोन खोल्यांच्या घरात, सून भाजी चिरत असताना, सासऱ्याने ‘मला भीती वाटते’ हे कसं म्हणायचं?

घरच्यांचंही एक आहे. ‘अहो, एकटे जाऊ नका, मी येते’ यात माया आहे, पण टाळण्याला हातभारही आहे. त्यामुळे गृहपाठ बायकोलाही मिळतो: आज सोबत जायचं नाही. तो दुधाची पिशवी आणायला काठी टेकत निघतो. ती गॅलरीच्या दारापर्यंत येते, आणि पडद्याआडून, त्याला दिसणार नाही अशी, उभी राहते.