कौलातलं घरटं आणि जाजलीची जटा



आजचं चिंतन महाभारताच्या शांतिपर्वातलं आहे. मोक्षधर्म पर्वात भीष्म युधिष्ठिराला जाजली आणि तुलाधार यांची गोष्ट सांगतात. ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती, आवडलीही होती. पण या मे महिन्यात ती माझ्याच घराच्या छपरात घडली, आणि तेव्हा कळलं की आपण ती अर्धीच वाचली होती.

आधी घरचं सांगते.

आमचं कोकणातलं घर कौलारू आहे. मंगलोरी कौलं, लाकडी वासे, रिपा. पावसाळ्याआधी दरवर्षी शाकारणी करावी लागते. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, सरकलेली नीट बसवायची. पूर्वी बाबा स्वतः शिडीवर चढून उभे राहायचे. आता त्यांचे गुडघे नाही म्हणतात. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात मी पुण्याहून चार दिवसांची रजा काढून गेले. शाकारणीचे काका त्यांच्या जोडीदाराला घेऊन सकाळी साडेसातला हजर.

दुपारपर्यंत पडवी झाली. माजघरावरची कौलं काढायला घेतली आणि काकांनी वरून हाक मारली, “ताई, हितं घरटं हाय.”

मी शिडीवर चढले. भिंतीच्या माथ्यावर, वासा टेकतो त्या खोबणीत, सुकं गवत, दोऱ्याचे तुकडे, कोंबडीची दोन-तीन पिसं. आत चार अंडी, करड्या ठिपक्यांची. समोरच्या तारेवर चिमणी जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि चिमणा इकडून तिकडे उडत होता.

मी तिथूनच जाहीर केलं, “काम थांबवा. पिल्लं उडून गेल्याशिवाय कौलाला हात लावायचा नाही.”

काका काहीतरी बोलणार होते, पण मी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. काढलेली कौलं त्यांनी परत ठेवली. मी त्यांना अर्ध्या दिवसाचे पैसे दिले, “तीन-चार आठवड्यांनी फोन करते” म्हटलं, आणि ते शिडी खांद्यावर टाकून गेले.

मग मी काय केलं असेल? तुम्ही ओळखलंच असेल. घरट्याचा फोटो, खाली दोन ओळी, हात जोडलेली बाहुली, आणि स्टोरी टाकली. तासाभरात मेसेजचा पाऊस. “किती गोड!” “खरी वारकरी आहेस तू.” “सगळ्यांनी असं वागलं तर!” मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी दिवा लावून नेहमीसारखं वाचायला बसले, आणि मुद्दाम जाजलीचीच गोष्ट काढली. म्हटलं, आज आपलीच गोष्ट वाचू.

गोष्ट अशी आहे. जाजली हा मोठा तपस्वी. रानात खांबासारखा निश्चल उभा राहून तप करायचा. त्याच्या विस्कटलेल्या जटेत एका पक्ष्यांच्या जोडीने गवतकाड्या आणून घरटं बांधलं. जाजलीला कळलं, पण तो हलला नाही. पुढे मादीने अंडी घातली. तरी तो हलला नाही. पिल्लं बाहेर आली, त्यांना पंख फुटले, ती दिवसभर बाहेर जाऊन संध्याकाळी परत येऊ लागली. मग काही दिवस बाहेर राहून परत येऊ लागली. शेवटी एकदा गेली ती महिनाभर आलीच नाहीत. तेव्हा कुठे जाजली जागचा हलला. त्याने नदीत स्नान केलं, अग्नीला आहुती दिली, उगवत्या सूर्याला नमस्कार केला, आणि आनंदाने दंड थोपटून ओरडला की मी धर्म मिळवला!

म्हणजे त्याची स्टोरीच म्हणा की.

तेवढ्यात आकाशवाणी झाली. जाजली, धर्माच्या बाबतीत तू वाराणसीच्या तुलाधाराच्या बरोबरीचा नाहीस, आणि तोही तुझ्यासारखं बोलत नाही.

जाजलीला राग आला, कुतूहलही वाटलं. शोधत शोधत तो वाराणसीला पोचला. पाहतो तर काय, तुलाधार म्हणजे एक दुकानदार! सुगंधी द्रव्यं, डिंक, रस असलं विकणारा. हातात तराजू. तपाचा मागमूस नाही. जाजलीने विचारलं, तुला हे ज्ञान आलं कुठून? तुलाधाराने जे सांगितलं त्याचा गाभा असा, की माझा तराजू सगळ्या प्राणिमात्रांसाठी सारखा आहे. मी कपट करून विकत नाही. जो मनाने, वाणीने आणि कृतीने सगळ्यांचा मित्र असतो, त्याला धर्म कळतो.

एवढं वाचून झालं आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने माझी स्टोरी पाहिली होती, मावशीने तिला पाठवली होती. ती म्हणाली, “चिमणीचं केलंस ते बरं केलंस. पण त्या काकांचं काय गं?”

“त्यांचं काय? पैसे दिले की.”

“अर्ध्या दिवसाचे दिलेस. त्यांनी आपल्यासाठी चार दिवस धरले होते. मे महिन्यात शाकारणीवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. या चार दिवसांसाठी त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हटलं असेल. उद्या सकाळी ते कुठे जाणार?”

मंडळी, मी गप्प झाले. माझी आकाशवाणी स्वयंपाकघरातून झाली, एवढंच.

पुस्तक अजून मांडीवर उघडं होतं. पुढे वाचलं तर तुलाधार बैलांबद्दल बोलतो. त्यांची नाकं टोचतात, त्यांच्यावर जड ओझी लादतात. आणि त्याच ओघात म्हणतो की माणसंसुद्धा माणसांना दास करून रात्रंदिवस राबवतात. प्राण्यांवरची दया आणि माणसांशी वागणूक ही त्याच्या दृष्टीने दोन वेगळी खाती नाहीतच. तराजू एकच. एका पारड्यात मी चार अंडी ठेवली होती. दुसऱ्या पारड्यात दोन माणसांचे साडेतीन दिवसांचे पोटाचे पैसे होते, आणि मी तिकडे पाहिलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या घरी गेले. ते अंगणात कोयत्याला धार लावत बसले होते. मी म्हटलं, “काका, माझं चुकलं. तुमचे चार दिवस मी विचारातच घेतले नाहीत.”

ते हसले. “अहो ताई, होतं असं. पण तुम्ही इचारलं असतं तर मी सांगणार होतो. घरटं असलं तर आम्ही तेवढी कौलं सोडतो. भोवतालचं सगळं करून घ्यायचं, तेवढा चौकोन मागनं. दरवर्षी एखाद्या घरात निघतंच की.”

म्हणजे मी ज्याला माझी करुणा समजत होते, ती या माणसाच्या कामाच्या रीतीत कधीची बसलेली होती. त्याने कधी तिचा फोटो काढला नव्हता. आणि काल शिडीवर ते हेच सांगायला तोंड उघडत होते.

त्याच दिवशी काम परत सुरू झालं. घरट्याच्या आजूबाजूच्या दोन-दोन ओळी सोडल्या, बाकी सगळं छप्पर झालं. त्या भागाच्या आसपास हातोडी न वापरता हळूच काम केलं. चिमणी सुरुवातीला ओरडली, मग दुपारी परत घरट्यात जाऊन बसली. बुडालेल्या सकाळचे पैसे काकांनी आधी घेतले नाहीत. मग बाबांनी दिल्यावर घेतले.

पुढचं मला आईने फोनवर सांगितलं. चारांपैकी तीन पिल्लं बाहेर आली. त्यातलं एक पडलं, सकाळी पडवीत मुंग्या लागलेलं सापडलं. बाबांनी ते पेरूच्या बुंध्याशी पुरलं. एका रात्री वळवाचा पाऊस आला आणि माजघरात थेंब थेंब गळलं, आईने घमेलं लावलं. आणि मे संपता संपता एका सकाळी घरटं रिकामं दिसलं. काका तासाभराचं काम करून गेले. मृग लागायच्या आत छप्पर पुरं झालं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, आम्ही बाराव्या मजल्यावर राहतो, आमच्याकडे कौलं कुठली? पण तुमच्याकडे कबुतरं आहेत! एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, डक्टमध्ये, बाल्कनीतल्या कुंडीत. त्याबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून थोडं स्पष्ट सांगते.

नुसत्या काड्या पडल्या असतील, अंडी नसतील, तर काड्या उचला आणि ती जागा जाळीने बंद करा. यात पाप नाही. ज्या घरात दम्याचा माणूस किंवा लहान बाळ आहे, तिथे तर हे केलंच पाहिजे. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसांना खरोखर त्रास देते. घरातल्या आजीचा श्वासही त्याच तराजूत आहे.

अंडी घातली असतील, तर शक्यतो थांबा. चिमणीची अंडी १२ ते १४ दिवसांत उबतात आणि पिल्लं साधारण तेवढ्याच दिवसांत उडतात. कबुतराला जास्त वेळ लागतो. अंडी उबायला १७ ते १९ दिवस, मग पिल्लू उडायला महिनाभर किंवा थोडं जास्त. घरटं उचलून दुसरीकडे ठेवू नका, आई-बाप बहुतेक वेळा तिथे येत नाहीत. तेवढे दिवस ती खिडकी बंद ठेवा. आणि पिल्लं उडाली की लगेच, दुसरी अंडी पडायच्या आत, तोंडाला मास्क लावून, पाणी मारून, ओलं करूनच ती जागा साफ करा. कोरडा झाडू मारू नका. मग जाळी लावा.

आणि हे साफ करायला तुम्ही कामवाल्या मावशींना सांगणार असाल, तर त्यांनाही मास्क द्या. जाळी लावायला येणारा मुलगा कठड्याबाहेर लोंबकळत असेल, तर त्याला दोर बांधलाय का बघा. जाजलीची गोष्ट इथे येऊन पोचते.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्याला आवडणाऱ्या भक्ताची लक्षणं सांगतात. कुणाचाही द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री, करुणा. आणि त्याच श्लोकात लगेच पुढे येतं की ‘माझं’ म्हणणं नाही, अहंकार नाही. इतकी वर्षं मी ही दोन वेगवेगळी लक्षणं समजत होते. आता वाटतं, भगवंतांनी ती एका श्लोकात मुद्दाम ठेवली असतील. ‘मी केलं’ हे मनात शिरलं की नजर त्या एकाच चांगल्या कामावर खिळते, आणि बाजूला उभा असलेला माणूस दिसेनासा होतो. मला काका दिसले नाहीत, कारण मी स्वतःकडे बघत होते.

म्हणून जाजलीने पक्ष्यांसाठी केलं ते खोटं होतं का? अजिबात नाही. त्याची पिल्लं खरोखर वाचली. तुलाधारही त्याला हिणवत नाही. उलट शेवटी त्याच पक्ष्यांना बोलवायला सांगतो, आणि ते पक्षी येऊन जाजलीला श्रद्धेविषयी सांगतात. म्हणजे ज्यांना त्याने डोक्यावर सांभाळलं, त्यांच्याकडूनच त्याला शिकावं लागलं. केलेलं चांगलं वाया गेलं नाही. फक्त दंड थोपटणं थांबलं, तेव्हा कुठे पुढचं ऐकू आलं.

ती स्टोरी मी काढून टाकली नाही, चोवीस तासांनी आपोआप गेली. तेही बरंच झालं.

आजचा छोटासा अभ्यास. आज दिवसभरात जे एक चांगलं काम कराल, ते झाल्यावर दोन मिनिटं थांबा आणि विचारा, या माझ्या चांगुलपणाची किंमत कुणी दुसराच तर भरत नाहीये ना? कुणाचा वेळ, कुणाची मजुरी, कुणाची झोप? नाव आठवलं तर आजच त्याच्याशी बोला. उद्यावर टाकू नका.

पांडुरंगा, आमच्या छपराखाली जो जो जीव येईल त्याला ठाव दे, आणि छपरावर चढणाऱ्या माणसाकडे बघायची दृष्टी आम्हाला दे.

राम कृष्ण हरी!