वडगावची जीत कुणाची?

ऑक्टोबर १७७७ मध्ये अमेरिकेतल्या साराटोगाला जनरल बर्गॉइनच्या इंग्रज फौजेने हत्यारं खाली ठेवली. त्यानंतर सव्वा वर्षाने, जानेवारी १७७९ मध्ये, मुंबईकर इंग्रजांची फौज आपल्या वडगाव मावळात कोंडली गेली आणि मराठ्यांनी घातलेल्या अटींवर तिला सही करावी लागली. साराटोगाच्या विजयानंतर फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उघडपणे युद्धात उतरला आणि एका नव्या राष्ट्राचा पाया पक्का झाला. आपल्याकडे मात्र वडगाव म्हटलं की पुणे-लोणावळा लोकलचं एक स्टेशन डोळ्यांपुढे येतं. हा फरक मला फार वर्षं छळत आला आहे.

आधी लढाई. राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवायचं आणि मोबदल्यात साष्टी-वसई आपल्याकडे पक्की करून घ्यायची, हा मुंबई कौन्सिलचा बेत. त्यात सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील पुण्यात येऊन गेलेला, त्यामुळे इंग्रजांना धडकी भरलेली. सुमारे ३,९०० माणसं आणि हजारो बैल घेऊन ही फौज बोरघाट चढली. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतच्या थोडक्या वाटेला तिला कितीतरी दिवस लागले, कारण मराठे समोरासमोर भिडत नव्हते. बाजूने टोचायचं, रसद तोडायची, पुढे सरकू द्यायचं. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. त्याच्या शौर्यामुळे मावळाने त्याला ‘इष्टुर फाकडा’ केलं, ते नाव आजही टिकून आहे.

९ जानेवारीला फौज तळेगावात पोचली, तर गाव जळत होतं. दाणा नाही, वैरण नाही. वेळ आलीच तर पुणंही पेटवून द्यायची तयारी नाना फडणवीसांनी ठेवली होती. दोन दिवसांत फौजेचा कर्नल कॉकबर्न आणि कौन्सिलचा कार्नाक यांचा धीर सुटला. जड तोफा तळेगावच्या तळ्यात बुडवून ११ तारखेच्या रात्री ते मागे फिरले आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या घेऱ्यात सापडले. राघोबांना हवाली करायचं, १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत द्यायचा, बंगालहून निघालेली फौज थांबवायची, अशा अटी ठरल्या.

त्या अटी इंग्रजांनी पाळल्या नाहीत, हे शाळेत शिकवलं जातं. पण खरं दुखणं आपल्या बाजूलाही होतं. त्या करारात भडोचचा वाटा महादजींना वेगळा मिळाला. राघोबा त्यांच्याच ताब्यात गेले आणि काही महिन्यांत निसटले. १७८२ च्या सालबाईच्या तहात महादजी दोन्ही पक्षांचे जामीन झाले, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. महादजींच्या कर्तबगारीबद्दल मला नितांत आदर आहे आणि या गोष्टीचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणं अन्याय होईल. जिंकलेल्या लढाईचं श्रेय आणि फळ साऱ्या राज्याच्या खात्यावर जमा करणारी व्यवस्थाच पेशवाईकडे उरली नव्हती. वडगाव सरदाराचं झालं, राज्याचं झालं नाही.

याउलट अमेरिकेकडे पाहा. १८१२ ला त्यांचं आपल्या जुन्या धन्याशी पुन्हा युद्ध जुंपलं. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टनला आग लावली, राष्ट्राध्यक्षांचं घर जाळलं. त्या वर्षअखेरच्या घेंटच्या तहात कुणाला हातभर जमीनही मिळाली नाही. तरीही बाल्टिमोरच्या किल्ल्यावर तोफांच्या माऱ्यात टिकलेल्या झेंड्यावरचं गाणं पुढे त्यांचं राष्ट्रगीत झालं. बरोबरीत सुटलेल्या लढाईतून त्यांनी स्वतःला घडवलं. आपण जिंकलेली लढाई हातची घालवली.

पण त्यांच्या त्या घडणीचा हेवा करताना मी थबकतो. त्या युद्धात आदिवासी टोळ्यांना एकत्र आणणारा टेकुमसे १८१३ मध्ये मारला गेला आणि त्याच्या लोकांची भूमी पुढे गिळली गेली. हजारो गुलाम मुक्तीसाठी इंग्रजांच्या गोटात पळाले, कारण त्यांच्यासाठी स्वातंत्र्य त्या बाजूला होतं. राष्ट्रगीत म्हणणाऱ्या ‘आम्ही’त या दोघांनाही जागा नव्हती. जुन्या राज्यकर्त्याशी लढून तरुण राष्ट्राला ओळख मिळते हे खरं, पण ती कुणाकुणाला वगळून मिळाली, हेही त्याच वेळी विचारायला हवं.

वडगावलाही हाच प्रश्न लागू पडतो. घाट चढून आलेल्या त्या ३,९०० माणसांत गोरे सहाशेच्या आत होते. बाकीचे देशी शिपाई, मुंबईच्या पलटणींत भरती झालेले. त्या पलटणींत कोकणातले मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायली असे सगळे होते. माघारीच्या त्या रात्री कॅप्टन हार्टलीच्या हाताखाली पिछाडी सांभाळणारे तेच. इंग्रजी इतिहासात हार्टलीचं नाव आलं, शिपायांची राहिली. ते पगारासाठी आले होते, आणि त्यांच्यातल्या अनेकांची मायबोली समोरच्या मावळ्याचीच होती. त्यांना ‘शत्रू’ म्हणून बाजूला सारलं की १७७९ चं चित्र सोपं होतं आणि खोटंही.

तळेगावकरांचं तर कुणीच फारसं बोलत नाही. जिंकण्यासाठी जे गाव जाळलं ते आपलंच होतं. पौषाच्या थंडीत डोक्यावरचं छप्पर आणि कणगीतलं धान्य गेलेल्या कुळांना त्या जयाचा काय वाटा मिळाला? वडगावात महादजींचं स्मारक उभं राहिलं, ते योग्यच झालं. स्टुअर्टची समाधीही मावळाने जपली, हा या मातीचा मोठेपणा आहे. तळेगावच्या तळ्याकाठी एक दगड बसवावा आणि त्यावर गाव कोणत्या तारखेला, कशासाठी जळलं ते कोरावं, असं मला वाटतं. या लढाईतली सर्वांत मोठी किंमत त्या गावाने मोजली आहे.