धूर, धूळ आणि आपली घाई

उर्दू माध्यमाच्या वर्गात तारे कसे जन्मतात हे शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. "सर, हे तर आपल्या कुरआनात आधीपासूनच आहे ना?" सूरह हा-मीम सजदामध्ये आकाश धुराच्या अवस्थेत असल्याचा उल्लेख आहे, तो मुलांनी वाजमध्ये ऐकलेला असतो. हो म्हटले की वर्ग खूश, पालकही खूश. थांबून विचार करायला सांगितले तर शिक्षकाच्या ईमानाचीच चर्चा मोहल्ल्यात सुरू होते. म्हणून मला हा प्रश्न विज्ञानाचा कमी आणि दियानतदारीचा जास्त वाटतो.

आधी आज काय माहीत आहे ते पाहू. ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत वायूचे प्रचंड मेघ आहेत. मराठीत तेजोमेघ, उर्दूत सहाबिया. त्यांत मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. धूळ वजनाने जेमतेम एक टक्का आणि तिचे कण खरोखरच धुराच्या कणांएवढे बारीक. तारे जन्मतात ते मेघ अतिशय थंड, उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. थंडीमुळे वायूचा दाब कमी पडतो, गुरुत्वाकर्षण वरचढ होते आणि मेघाचा एखादा भाग स्वतःच्याच वजनाने आत कोसळू लागतो. गाभा तापत तापत एक कोटी अंशांच्या घरात गेला की हायड्रोजनचे हेलियम होऊ लागते. तारा पेटतो. उरलेला वायू आणि धूळ त्याच्याभोवती चकतीसारखी फिरत राहते, कण कणाला चिकटतो, खडे होतात, खडकांचे ग्रह होतात. आपला सूर्य असाच ४६० कोटी वर्षांपूर्वी झाला. २०१४ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणीने वृषभ राशीतल्या एका कोवळ्या ताऱ्याभोवतीची अशी चकती टिपली. तिच्यातली वर्तुळे आणि मधल्या काळ्या फटी स्पष्ट दिसतात.

मग "धूर" म्हणायला हरकत काय?

हरकत इतिहासाची आहे. मेघातून सूर्यमाला झाली ही कल्पना कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये मांडली. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मागे पडली. जेम्स जीन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडले की सूर्याजवळून दुसरा तारा गेला, त्याने सूर्यातून पदार्थ ओढून काढला आणि त्याचे ग्रह झाले. बरीच वर्षे हेच मान्य होते. पुढे त्यातले दोष दिसले आणि मेघाची कल्पना नव्या रूपात परत आली. आता सांगा, १९२५ साली एखाद्याने आयतीचा अर्थ जीन्सच्या सिद्धांताशी जुळवून दाखवला असता, तर नंतर काय बदलायचे होते? आयत की अर्थ? विज्ञान आपली मते दुरुस्त करत चालते, तो त्याचा गुणच आहे. त्याच्या खांद्यावर श्रद्धेचे ओझे टाकले की विज्ञानालाही चालता येत नाही आणि श्रद्धेलाही हादरे बसतात. शिवाय ही जुळवाजुळव नेहमी शोध लागल्यानंतरच होते, हेही मुलांपासून लपवू नये.

आपल्याच वारशातले उदाहरण घ्या. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ९६४ च्या सुमारास इस्फहानमध्ये स्थिर ताऱ्यांवरचा ग्रंथ लिहिला. देवयानीतल्या एका अंधूक डागाची नोंद त्यांनी छोटा ढग अशी केली. त्याहून जास्त काहीच म्हटले नाही. तो ढग नसून आपल्या कहकशाँसारखीच दुसरी कहकशाँ आहे, हे हबलने १९२४ मध्ये सिद्ध केले. (कहकशाँ म्हणजे वाटेवर सांडत गेलेल्या गवताची रेघ. आपले मराठी शेजारी तिलाच आकाशगंगा म्हणतात. कुणाला गंगा दिसली, कुणाला गवत.) अस-सूफींची नोंद आजही मोलाची आहे, कारण डोळ्यांना जेवढे दिसले तेवढेच त्यांनी लिहिले.

कधी कधी उलटा प्रश्न येतो, आणि तो अधिक जड असतो. मेघ आपल्या वजनाने कोसळतो, तारा आपोआप पेटतो, मग अल्लाहने काय केले? मी पावसाचे विचारतो. वाफेचा ढग होतो आणि ढगाचा पाऊस, हे पाचवीच्या मुलालाही ठाऊक असते. तरी दुष्काळात माणसे मैदानात जमून पावसाची नमाज पढतातच. त्यांना वाफेचे माहीत नसते म्हणून नव्हे. पाऊस कसा पडतो आणि आपण कुणाकडे हात पसरावेत, हे दोन वेगळे सवाल आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा मिटत नाही, आणि दुसऱ्याचे उत्तर ठाऊक आहे म्हणून पहिल्याचा अभ्यास टाळता येत नाही. परीक्षेत तर मुळीच नाही.

थंडीत मृग नक्षत्र वर आले की मी मुलांना त्याच्या तीन ताऱ्यांच्या पट्ट्याखाली पाहायला सांगतो. तिथे एक धूसर ठिपका दिसतो. तो तेजोमेघच, आणि त्यात तारे जन्मत आहेत. तिथून आज पोहोचणारा प्रकाश सुमारे तेराशे वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा बगदाद शहरही वसलेले नव्हते. मागच्या वर्षी एका मुलीने विचारले, "मग आत्ता तिथे काय असेल सर?" त्या प्रश्नावर आम्ही अख्खा तास घालवला.