माघारीं आलेल्यास जामीन कोण?

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ९:२६-२८ व १५:३६-४०



यरुशलेमांतील मंडळीचें दार एका तरुणास बंद होतें. शौल आतां विश्वासी झाला आहे ही गोष्ट कोणास खरी वाटेना. काल छळणारा आज भाऊ कसा होईल? अशा वेळीं एक मनुष्य पुढें झाला. कुप्र बेटांतील ह्या लेव्याचें नांव योसेफ. परंतु प्रेषितांनीं त्याला बर्णबा म्हटलें, म्हणजे धीर देणारा. त्याच्या एकट्याचें असें एकहि भाषण लूकानें लिहून ठेविलेलें नाहीं. त्यानें शौलाला आपल्याबरोबर घेतलें, प्रेषितांकडे नेलें व त्याच्याविषयीं आपण होऊन साक्ष दिली. शौल उद्यां फितूर निघता, तर पहिला दोष बर्णबाच्या माथीं आला असता. शास्त्रांत धीर देणें म्हणजे असें जामीन राहणें आहे. पुढें शौल तार्सास गेला व कांहीं काळ त्याचें नांवहि ऐकूं येईना. तेव्हां त्याला शोधावयास तेथवर गेला तोहि बर्णबाच.

ह्या रीतीचें एक उदाहरण आपल्या खानदेशांत घडलें आहे. अमळनेर येथील प्रताप हायस्कुलांत १९२४ सालीं पांडुरंग सदाशिव साने नांवाचे चोवीस वर्षांचे शिक्षक लागले. ते कोंकणांतील पालगडचे, आणि दारिद्र्यांत शिकलेले. पुढें छात्रालयाचें काम त्यांच्याकडे आलें. छात्रालयाच्या प्रमुखानें नियम वाचावे व चुकलेल्यास दंड करावा ही सर्वत्रांची रीत. हे गुरुजी मुलांच्या खोल्या स्वतः झाडीत, अस्ताव्यस्त पडलेले कपडे नीट करीत, आजाऱ्याच्या उशाशीं बसत, आणि मुलांसाठीं हातानें लिहिलेलें दैनिक काढीत. १९३० सालीं ते नोकरी सोडून सत्याग्रहांत शिरले. अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. परंतु ‘साने गुरुजी’ हें नांव त्यांना जन्मभर चिकटलें तें ह्या सहा वर्षांमुळें.

साने गुरुजी ख्रिस्ती नव्हते, मग त्यांचें उदाहरण येथें कशाला, असें कोणी म्हणेल, तर प्रभूनें शोमरोनी मनुष्याचा दाखला कोणास सांगितला तें त्यानें आठवावें.

१९३२ सालीं ते धुळ्याच्या तुरुंगांत होते. त्यांच्याहून चार वर्षांनीं वडील असलेले विनोबा भावे हेहि तेथेंच होते, व दर रविवारीं ते बंदिवानांपुढें गीतेवर बोलत. अशीं अठरा प्रवचनें झालीं. तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं, म्हणूनच पुढें पुस्तकरूपानें लोकांच्या हातीं आलीं. तुरुंग हें निराशेचें घर; परंतु त्या घरांत एकाला बोलावयाचें होतें, दुसऱ्याला टिपून घ्यावयाचें होतें, आणि बाकीच्यांना रविवारची वाट पाहावयाची होती. पुढच्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ लिहिली.

परंतु मला अधिक सांगावयाचें आहे तें मार्काविषयीं. पंफुल्यांत सोबत्यांचें काम अर्ध्यावर टाकून हा तरुण घरीं परतला. पौल म्हणाला, असल्या माणसास पुन्हां बरोबर नको. बर्णबानें हट्ट धरला; इतका, कीं त्यापायीं पौलासारख्या सोबत्याशीं त्याची फारकत झाली. अयशस्वी मुलाची बाजू घेणें इतकें महाग पडतें! पण अनेक वर्षांनंतर तोच पौल बंदींतून तीमथ्याला लिहितो कीं मार्काला घेऊन ये, तो सेवेस उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:११).

आमच्या धुळें व जळगांवकडील किती तरुण कामासाठीं सुरतेस जातात! तेथें कोणाचें जमतें, कोणाचें जमत नाहीं. जो परत येतो त्याच्याविषयीं पारावर काय बोलणें होतें हें सांगावयास नको. दुःखाची गोष्ट ही, कीं उपासना सुटल्यावर मंदिराच्या ओट्यावरहि तेंच बोलणें होतें. परीक्षेंत नापास झालेला मुलगा असो, वा सासरहून परत आलेली मुलगी असो, त्यांना शेवटच्या रांगेंत जागा मिळते. निवडणुकीच्या दिवसांत पुढारी येतात, तरुणांस देशाचे आधारस्तंभ म्हणतात, आणि धुरळा खालीं बसण्यापूर्वीं त्यांची मोटार दिसेनाशी होते. त्यांना नांवें ठेवणें सोपें आहे. आम्ही व्यासपीठावरून आशा धरा म्हणतों व दारांत त्याच मुलाकडे पाठ फिरवितों, तें काय वेगळें?

त्याला उपदेश पुरे झाला. शब्बाथशाळेचा लहान वर्ग त्याच्याकडे सोंपवा, दानाच्या हिशेबाची वही त्याला लिहूं द्या. कोणी म्हणेल, मंडळीचा पैसा ह्याच्या हातीं? तेव्हां एका वडिलानें सर्वांदेखत उठून म्हणावें, कांहीं कमी आलें तर मी भरीन.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कठीण आहे. इतक्या तरुणांस उभारी देणाऱ्या साने गुरुजींनीं ११ जून १९५० रोजीं आपल्याच हातानें आपलें जीवन संपविलें. त्यांचा न्याय करणें आपलें काम नव्हे. एलीया रानांत झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला, तेव्हां देवानें त्याला दटाविलें नाहीं. झोंपूं दिलें, भाकर व पाणी दिलें, आणि मग अलीशासारखा सोबती दिला (१ राजे १९). जो सर्वांस धीर देतो, त्याचें मन कसें आहे हें विचारावयाचें आपल्याला सुचत नाहीं. तुमचे पाळकसाहेब, शाळेचे गुरुजी, तरुणांचा संघ चालविणारी ताई, ह्यांच्याकडे आपण बहुधा कांहीं मागावयासच जातों. ह्या आठवड्यांत नुसतें भेटावयास जा. कळण्याची भाकर व भरीत बरोबर न्या, घटकाभर त्यांच्या ओट्यावर बसा. आणि जातांना सुरतेहून आलेल्या त्या मुलालाहि सोबत घ्या.