मुलाचा वेळ कोणाचा?

"मूल शाळेंत घातलें, पाटी-दप्तर घेऊन दिलें, आतां पुढचें मास्तर पाहून घेतील. आम्हां अडाण्यांस त्यांतलें काय कळतें?" असें बोलणें खेड्यापाड्यांतून आमच्या कानीं वारंवार येतें. असें बोलणारे आईबाप आळशी नसतात, आणि त्यांची मुलांवर माया नसते असेंही नाहीं. तरी या बोलण्याच्या मुळाशीं एक प्रश्न दडलेला आहे, तो आज वाचकांपुढें मांडावा असा आमचा हेतु आहे. शाळेंत जाणाऱ्या मुलाचा वेळ कोणाचा? शाळेचे पांच-सहा तास मास्तरांचे, आणि उरलेला दिवस आईबापांच्या मालकीचा, असें समजावें काय?

या प्रश्नास एक जुना दाखला आहे. जोतीराव फुले यांचा जन्म 1827 सालचा. त्यांचे वडील गोविंदराव यांनीं त्यांस लहानपणीं शाळेंत घातलें होतें. परंतु विद्येनें मुलगा शेतीच्या कामांतून जाईल असें एका कारकुनानें गोविंदरावांच्या मनांत भरविलें, आणि त्यांनीं जोतीरावांस शाळेंतून काढून मळ्यांत कामास लाविलें, असें चरित्रकार सांगतात. पुढें गफार बेग मुनशी व लिजिट साहेब या दोघां शेजाऱ्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि 1841 सालीं जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत गेले. सातच वर्षांनीं, 1848 सालीं, त्यांनीं त्याच शहरांत मुलींची शाळा काढली.

गोविंदरावांनीं मुलाचें वाईट चिंतिलें नव्हतें. मुलाचा दिवस हा मळ्याचा, एवढेंच त्यांनीं धरलें होतें. आणि ही चूक दुरुस्त करण्यास त्यांस स्वतः पंडित व्हावें लागलें नाहीं; मुलाचा वेळ मुलास परत द्यावा लागला, इतकेंच. आमचेंही म्हणणें हेंच आहे. शिकण्याच्या वयांतील वेळ हा मुलाचा स्वतःचा होय. आईबाप त्याचे राखणदार आहेत, मालक नव्हत.

कोणी म्हणेल, हें तर आतां कायद्यानेंच ठरविलें आहे. खरें आहे. 2009 सालीं झालेला शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलांत आहे, व सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेंत घालणें हें त्यानें आईबापांचें कर्तव्य ठरविलें आहे. परंतु कायदा मुलास शाळेच्या दारापर्यंत नेतो. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची 'असर' नांवाची पाहणी होत असते. तिच्या 2024 सालच्या अहवालांत पांचवीच्या मुलांपैकीं सुमारें निम्म्यांनाच दुसरीचा उतारा वाचतां आला. हीं सर्व मुलें शाळेंत नांव घातलेलीं होतीं! तेव्हां नांव घालणें निराळें व शिकणें निराळें, हें उघड आहे. यांत शाळेचा दोष नसतो असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु शाळेच्या दोषानें घराचें कर्तव्य कमी होत नाहीं, उलट वाढतें.

तर मग अक्षरशत्रु आईनें काय करावें? पुष्कळ कांहीं करितां येतें. पहिलें हें कीं, शाळेचा एकही दिवस फुकट बुडूं देऊं नये. बाजार आहे, पाहुणे आले, धाकट्यास सांभाळावयाचें आहे, असें म्हणून मुलीस घरीं ठेविलें, तर त्या दिवशींचा धडा तिच्यावांचून पुढें जातो, आणि दुसऱ्या दिवशींचा धडा त्यावरच उभा असतो. दुसरें, संध्याकाळीं अर्धा तास मुलाजवळ बसावें, व त्या वेळीं मोबाईल आणि दूरदर्शन बंद असावें. भाकरी थापतां थापतां "आज काय शिकलास तें मला सांग" असें विचारावें. आपल्या घरच्या बोलींत दुसऱ्यास समजावून सांगतांना मुलाच्या मनांत तो विषय पक्का होतो. आणि जेथें त्याची वाणी अडते, तेथें त्यास समजलेलें नाहीं, हें आईच्या कानास आपोआप कळतें.

लहान मुलें पुष्कळदां ऐकून पाठ झालेला धडा बोट फिरवीत म्हणून दाखवितात, व आईबापांस वाटतें कीं मूल वाचूं लागलें. अशा वेळीं पानाच्या मध्यावरील एका ओळीवर बोट ठेवून "येथून वाच" म्हणावें. खरें काय तें कळेल. तें अडलें तर मारूं नये. मास्तरांस जाऊन सांगावें. बियाण्याच्या पिशवीवरील नांव, एस. टी.ची पाटी, दुकानदाराचा हिशेब हें सर्व मुलाकडून वाचवून घ्यावें. मात्र त्याचा गृहपाठ मोठ्या भावाकडून लिहवून घेऊं नये. त्यांत मास्तर फसतात, आणि मूल खोटें बोलण्यास घरींच शिकतें.

येथें एक कठीण आक्षेप आहे, व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. ज्याची चूल कोयत्यावर चालते, त्यास "मुलाचा वेळ राखा" असें सांगणें सोपें, पण राखणें अवघड. त्या बापास आम्ही दोष देत नाहीं. परंतु म्हणूनच हें कर्तव्य एकट्या बापाचें राहत नाहीं. अशा मुलांस गांवीं ठेवून शिकवितां यावें म्हणून हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत. आपल्या गांवीं तशी सोय आहे कीं नाहीं, याची चौकशी बिऱ्हाड हलण्यापूर्वीं शेजाऱ्यांनीं करावी. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद आईबापच असावेत, व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. त्या जागा केवळ सहीअंगठ्यापुरत्या नसाव्यात. तेथें बसून विचारण्याचा हक्क मजुरालाही आहे. आणि जे थोडेंबहुत शिकलेले आहेत, त्यांनीं आपल्या ओसरीवर दिव्याखालीं शेजारचीं चार मुलें बसवावीं. गोविंदरावांचे ते दोन शेजारी गप्प बसते, तर जोतीरावांच्या शाळेची वाट तेव्हांच खुंटली असती.

म्हणून, आईबापांनो, "आम्हांस काय कळतें" असें यापुढें म्हणूं नका. मूल तुमच्यापाशीं विद्या मागत नाहीं. ती मास्तरांनीं द्यावयाची आहे. तें तुमच्यापाशीं आपलाच वेळ मागतें, आणि त्यांतील अर्धा तास तुम्ही जवळ बसावें एवढें मागतें. ज्याचें त्यास देण्याइतके श्रीमंत आपण सर्वजण आहों.